शिक्षा भोगून आलेले काशिनाथअप्पा

काशिनाथअप्पा हे मी जवळून पाहिलेले पहिले तुरुंगात जाऊन आलेले गृहस्थ. आणि साहेबांनी मला काम शिकायला बसवलं ते त्यांच्याच टेबलाशी.

मी हिमायतनगरहून बी.कॉम. होऊन नांदेडला आले होते. तिथल्या वजिराबाद भागात एका सी.ए. साहेबांच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, मिळाली होती आणि मामाकडं राहायची सोय झाली होती. आमच्या बौद्ध वस्तीतल्या मुली नर्स झाल्या होत्या, मास्तरणी झाल्या होत्या. लोकांचे हिशेब तपासायला शिकायला निघालेली मी पहिलीच. वडील शाळामास्तर. मला सोडायला आले तेव्हा ऑफिसच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

आज या कामाला फॉरेन्सिक अकाउंटिंग म्हणतात. त्याचे कोर्स निघालेत, मुलं सर्टिफिकेटं फ्रेम करून भिंतीला लावतात. आमच्या ऑफिसात त्याला नुसतं 'चौकशीचं काम' म्हणायचे. एखाद्या सहकारी सोसायटीत नाहीतर संघात कुणी पैसे खाल्ल्याचा संशय आला की फाइल साहेबांकडे यायची, आणि साहेब ती उघडायच्या आधी हाक मारायचे, "अप्पा, जरा या."

अप्पा उठून यायचे ते हळू. ठेंगणा बांधा, धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीची तीन बोटं. लातूरजवळच्या मुरुडकडच्या एका खेड्यातलं लिंगायत घर. आवाज असा खालच्या पट्टीतला, की समोरच्याला आपोआप पुढं झुकून ऐकावं लागायचं. सदऱ्याच्या खिशात कायम फुटाणे. ते स्वतः क्वचितच खायचे. ज्याची चौकशी चालली असेल त्याच्या हातावर मूठभर ओतायचे. "रिकाम्या पोटी माणूस लवकर चिडतो," म्हणायचे, "मग बोलत न्हाई."

पहिल्याच आठवड्यात शिपाई गफूरभाईंनी चहा देता देता मला बाजूला घेतलं. "अप्पा जेल काटके आये हैं, मालूम है क्या तुमको?"

मला मालूम नव्हतं. मागच्या मोठ्या दुष्काळात अप्पा त्यांच्याकडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी होते. तिथं अपहार झाला, अप्पांना शिक्षा झाली. सुटून आल्यावर गावात कुणी कामाला लावेना, तेव्हा साहेबांनी त्यांना नांदेडला बोलावून घेतलं. "क्यूं बुलाया, वो साहब को ही मालूम," गफूरभाई म्हणाले.

मी घाबरले. रविवारी गावी जाऊन वडिलांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत रजेचा अर्ज देऊन माझ्याबरोबर नांदेडला आले. साहेब बाहेर गेले होते. ऑफिसात अप्पाच होते.

"तुम्हीच का ते?" वडिलांनी उभ्यानंच विचारलं.

"हाव, मीच ते," अप्पा खुर्चीतून उठले. "बसा गुरुजी. लेकीची फिकीर करून राहिले तुम्ही. बरोबर हाय. माझी लेक असती तर मीबी आलो असतो."

वडील बसले. चहा झाला. पावसाचं बोलणं झालं. सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. निघताना वडील मला जिन्यात म्हणाले, "माणूस बरा वाटतो. शिक तू. पण पैसे काही त्याच्या हातात देऊ नको."

ते सांगायची गरज नव्हती. ऑफिसच्या पैशाला अप्पा हातच लावत नसत. कुठं तपासणीला गेलो आणि रोकड मोजायची वेळ आली की ते उठून दाराबाहेर जाऊन उभे राहायचे. आम्ही दोघं फिरतीवर असलो की तिकीट मी काढायची, हॉटेलात पैसे मी द्यायचे. त्यांचा पगारसुद्धा ते घेत नसत. महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या बायको, गंगाबाई, ऑफिसात यायच्या. नवऱ्यापेक्षा वीतभर उंच, आवाज मोठा. बाकावर बसायच्या, गफूरभाईंच्या घरच्यांची चौकशी करायच्या, सावकाश सही करून पाकीट कमरेला खोचायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, अप्पा पैशाला भितात का म्हणून. त्या म्हणाल्या, "भीत न्हाईत. तिरसट हायत. एकदा पोळलं की तवाच फेकून देणारं माणूस हाय ते. भाकरी मग मी कशावर करू?" आणि हसल्या. अप्पा समोरच बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

काम शिकवायची त्यांची रीत मला सुरुवातीला कळायची नाही. मी कॉलेजात पहिल्या वर्गात आलेली, बेरजा भराभर करायची. त्यांनी पहिल्यांदा माझ्यापुढं ठेवल्या त्या टँकरच्या पावत्या. एका ग्रामपंचायतीनं उन्हाळाभर पाणी पुरवलं होतं, त्याचा खर्च खरा आहे का ते बघायचं होतं. मी पेन्सिल घेऊन बेरीज करायला लागले.

"आकडे नंतर, ताई. आधी कागूद बघा."

मी पाहिला. कागदासारखा कागद.

"ड्रायव्हरनं पावती केली, खिशात घातली. टँकर भरला, रिकामा केला, दिवसभर घाम. चार दिवसांनी पंचायतीत आणून दिली. कसा दिसंल कागूद?"

मग मला दिसलं. गठ्ठ्यातली एकही पावती घडी पडलेली नव्हती. तेलाचा डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. एका बैठकीत पंख्याखाली बसून लिहिल्यासारख्या सगळ्या कोऱ्या करकरीत. मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हटलं, "म्हणजे सापडला चोर."

"खोटा कागूद सापडला," अप्पा म्हणाले. "चोर कुठं सापडला? आता गावात जाऊन बायांना विचारायचं, पाणी कधी आलतं. टँकर आला पण पावती न्हाई केली, असंबी असतंय. आळशी माणूस आणि चोर माणूस, कागदावर दोघं सारखेच दिसतात."

त्या गावात खरोखरच टँकर आले होते. सगळे नाही, पण बरेचसे. ग्रामसेवकानं वर्षभर काहीच लिहिलं नव्हतं आणि तपासणी येणार म्हटल्यावर एका दिवसात सगळं लिहून काढलं होतं. मी एकटी असते तर त्याला तुरुंगात धाडलं असतं.

दुसरी एक गोष्ट ते नेहमी करायचे. ज्याच्यावर संशय असेल त्याच्याशी तासभर इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी विचारायचे, "झोप लागते का?" बस, एवढंच. पैसे कुठं गेले, कुणी घेतले, हे विचारायचं काम साहेबांचं. नांदेडच्या एका पतपेढीचा कॅशियर, चांगला दांडगा माणूस, आमच्याशी दिवसभर हुज्जत घालत होता. या प्रश्नावर त्यानं हातातले फुटाणे टेबलावर ठेवले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागला. मी नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं? अप्पा म्हणाले, "मला कळत न्हाई. मला कुणी विचारलं न्हवतं, म्हणून मी विचारतो."

त्यांच्या स्वतःच्या प्रकरणाबद्दल यापलीकडं ते बोलायचे नाहीत. लोक मात्र बोलायचे. मुखेडकडं एका संस्थेत आम्ही गेलो होतो. बाजाराचा दिवस, पंधरावीस माणसं ओसरीवर बसलेली. तिथल्या चेअरमनला कुणीतरी अप्पांची माहिती दिली असावी. आम्ही बसतो न बसतो तोच ते मोठ्यानं म्हणाले, "वा. चोर धुंडायला चोरालाच पाठवलं म्हणायचं."

माणसं हसली. मला वाटलं अप्पा काहीतरी खणखणीत बोलतील, समोरच्याची जिरवतील. ते म्हणाले, "खरं हाय तुमचं," आणि पिशवीतून चष्मा काढून रजिस्टर पुढं ओढलं. दिवसभर मान खाली घालून काम केलं. संध्याकाळी एस.टी.ची वाट बघत टपरीवर चहा घेतला तेव्हा त्यांच्या हातून अर्धा चहा धोतरावर सांडला. मी रुमाल पुढं केला. "असू द्या," म्हणाले, "धुऊन निघतंय ते."

त्याच सुमारास उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं भाड्याच्या घरांत थाटली जात होती. काही पाट्यांवर नव्या नावाच्या रंगाखालून जुनं नाव अजून दिसायचं. निम्मं दप्तर तिकडं, निम्मं इकडं, आणि माणसं कुठंच पुरेशी नाहीत. ज्याला काही लपवायचं असेल त्याला हे दिवस फार सोयीचे होते. काहीही मागितलं की "ते कागद जुन्या जिल्ह्याला राहिले" असं सांगता यायचं. अशात लातूरजवळच्या एका मोठ्या गावच्या संघाची चौकशी साहेबांकडे आली. दुष्काळ म्हणून सरकारनं स्वस्तात वाटायला दिलेला कडबा ट्रकच्या ट्रक गायब झाल्याची तक्रार होती.

साहेब दोन दिवसांनी येणार होते. अप्पा आणि मी पुढं गेलो. लोहा, अहमदपूर करत एस.टी. लातूरला पोचली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन नुसती भेगाळलेली. मी साहेबांच्या नातेवाइकांकडं उतरले, अप्पा मठात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावी गेलो. संघाचे चेअरमन मोठे बोलघेवडे. गादी-तक्क्याची बैठक, आमच्यासाठी मोसंबीचा रस. सेक्रेटरी म्हणजे बालाजी नावाचा पंचविशीतला पोरगा. शर्टाची कॉलर उसवलेली, बोलताना चेअरमनकडं बघणारा. रजिस्टरं अगदी व्यवस्थित होती. नाव, गाव, जनावरं किती, कडबा किती, पुढं अंगठा.

अप्पांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, "चला ताई, जनावरं बघून येऊ."

चेअरमन हसले. "जनावरांच्या सह्या घेणार का?"

आम्ही उन्हात हिंडलो. अप्पा यादीतल्या घराच्या दारात उभे राहायचे, दावणीकडं बघायचे. एका घरी एक म्हातारी बाई तुराट्यांचा खराटा बांधत बसली होती. अप्पांनी तिला विचारलं, संघाचा कडबा पोचला का. ती म्हणाली, "कशाला? बैल तर दसऱ्याच्या आधीच बाजारात गेले. कडबा काय मी खाऊ?" तिच्या नावापुढं चार वेळा अंगठा होता.

संध्याकाळी परत आलो. चेअरमन निघून गेले होते. बालाजी एकटाच कपाटाला कुलूप लावत होता. अप्पांनी त्याच्या हातावर फुटाणे ओतले, घरची विचारपूस केली. बायकोला सातवा महिना होता. मग तोच प्रश्न. "झोप लागते का, बालाजी?"

फुटाणे त्याच्या बोटांमधून खाली गळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर बालाजी नव्हता. चेअरमन बैठकीत येरझारा घालत होते, पण चेहऱ्यावर चिंता नव्हती. "पळाला, बघा," ते म्हणाले. "म्हणजे गुन्हा कबूलच झाला की. आता तुम्ही तसा रिपोर्ट करा, मी आजच फिर्याद देतो. तुमचे साहेब दुपारी येतायत ना? संध्याकाळपर्यंत सगळं मिटवून टाकू."

मला ते पटलं होतं. खोटे अंगठे त्याच्या रजिस्टरात, चाव्या त्याच्याकडं, आणि माणूस पळालेला. आणखी काय पाहिजे?

अप्पांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. त्यांनी बालाजीचं घर विचारलं. त्याची बायको दारातच बसली होती, रडून डोळे सुजलेले. पहाटे लातूरला जाऊन येतो म्हणून गेला, म्हणाली.

"पिशवी नेली का? कपडे?"

"न्हाई. चपलाबी नेल्या न्हाईत."

"मग लांब न्हाई गेला," अप्पा म्हणाले. "चला ताई. स्टँडवर असंल."

मी म्हटलं, पळून जायचं तर सकाळच्या गाडीनंच गेला असेल, आतापर्यंत सोलापूर गाठलं असेल. अप्पा म्हणाले, "पळणं एवढं सोपं न्हाई. पहिल्या दिवशी माणूस स्टँडवर बसूनच राहतो. कोणत्या गाडीत बसावं ते कळत न्हाई."

तो होता. लातूरच्या स्टँडवर शेवटच्या बाकावर, अनवाणी पाय वर घेऊन. गाड्या लागत होत्या, कंडक्टर ओरडत होते, तो कुठंच बघत नव्हता. अप्पा त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी खांबापाशी उभी राहिले.

मग बालाजीच म्हणाला, "मी खाल्लेत, अप्पा. खोटं न्हाई बोलत. पहिल्या खेपेला रेडिओ घेतला."

"चांगला वाजतो का?"

बालाजी त्यांच्याकडं बघत राहिला. "वाजतो."

"मग?"

"चेअरमनला कळलं. बोलले न्हाईत काही. दुसऱ्या दिवशी नुसत्या कोऱ्या याद्या पुढं ठेवल्या. म्हणले, भर. मी भरत गेलो. अंगठे माझेच, बायकोचे, हमालाचे. ट्रक तर गावात आलेच न्हाईत, परस्पर गेले. म्हणले, तू बोललास तर रेडिओचं मी बोलतो."

"रेडिओची किंमत केवढी आणि ट्रकांची केवढी," अप्पा म्हणाले. "ऊठ. साहेब येऊन राहिलेत. त्यांना सांग."

"मला जेल होईल."

"हाव. होईल थोडी."

मला वाटलं, अप्पांनी निदान आता तरी काही धीराचं बोलावं. ते धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले आणि मग जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून त्याआधीही ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"मी असाच बसलो होतो. मुरुडच्या ठेसनावर. छोटी गाडी आली, गेली. दुसरी आली. कुणीतरी येईल, चल म्हणंल, असं वाटून राहिलं होतं. कुणी आलं न्हाई. मग बसलो गाडीत. मी खाल्लेलं थोडं होतं, बालाजी. तुझ्यासारखंच. पण मी गेलो, आणि ज्यानं त्यानं आपापलं माझ्या नावावर टाकलं. पळालेल्या माणसाच्या नावावर काहीबी खपतंय. पकडून आणलं तेव्हा मी सांगत होतो, पण ऐकणार कोण? तुझी बाई पोटुशी हाय. तिला उद्या कुणी म्हणलं, तुझ्या नवऱ्यानं गावचा कडबा खाल्ला, तर तिनं काय म्हणावं? रेडिओ खाल्ला एवढं तरी तिला म्हणू दे."

बालाजी रडायला लागला. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. थोड्या वेळानं स्वतःच्या चपला काढून त्याच्यापुढं सरकवल्या. "पाय भाजंल," म्हणाले. परत जाताना ते अनवाणी चालत होते आणि बालाजीला त्यांच्या चपला लहान होत होत्या, टाचा बाहेर.

साहेब आले होते. चेअरमन फिर्यादीचा कागद लिहून तयार ठेवून बसले होते. बालाजीला बघून त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. मग लगेच सावरून ते त्याच्यावर ओरडायला लागले, "हरामखोरा, गावाच्या तोंडचा घास," वगैरे. साहेबांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. बालाजीनं सगळं सांगितलं, आधी रेडिओचं. ट्रक कुणाचे होते, कडबा कोणत्या व्यापाऱ्याला गेला, हमाल कोण होता. सांगताना तो एकदाही अडखळला नाही. दुपारी चेअरमनचा माणूस येऊन साहेबांना म्हणाला, जरा सबुरीनं घ्या, नवा जिल्हा आहे, ओळखी लागतात. साहेब म्हणाले, "ओळख झालीच की आपली."

अप्पा त्या दिवशी मागं राहिले; बालाजीला घरी सोडून येतो म्हणाले. साहेब आणि मी संध्याकाळच्या एस.टी.नं नांदेडला निघालो. मी स्टँडवर जे ऐकलं होतं ते साहेबांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"अप्पांच्या सोसायटीचा रिपोर्ट मी लिहिला होता," ते म्हणाले.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"सही माझ्या साहेबांची होती. पण लिहिला मी. तुझ्याएवढाच होतो, आर्टिकल क्लार्क. माझं पहिलंच चौकशीचं काम. सगळे कागद जुळत होते आणि माणूस पळालेला होता. मला फार अभिमान वाटला होता त्या रिपोर्टचा." ते थांबले. "पुढं माझी प्रॅक्टिस सुरू झाली. दुसऱ्या एका संस्थेच्या कामात त्याच सोसायटीचे जुने संचालक निघाले, तीच पद्धत, सेक्रेटरी दुसरा. तेव्हा लक्षात आलं. अप्पा तोवर सुटले होते. मी त्यांच्या गावी गेलो, सांगितलं सगळं. म्हटलं, आपण वर दाद मागू, मी लिहून देतो."

"मग?"

"म्हणाले, माझंबी होतंच की त्यात. कुठलं माझं आणि कुठलं त्यांचं, आता कोण निवडत बसणार. गंगाबाई चिडल्या होत्या माझ्यावर, आत निघून गेल्या. अप्पा मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. तिथं म्हणाले, एखादं काम असलं तर बघा."

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की साहेबांनी अप्पांवर उपकार केलेत.

त्या प्रकरणात चेअरमनची खुर्ची गेली. त्यांचा खटला मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला. त्यांना वकील चांगले मिळाले. बालाजीनं कबूल केलं म्हणून त्याला शिक्षा झाली, पण काही महिन्यांचीच, आणि ती त्याच्या स्वतःच्या गुन्ह्याची. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या गावात आजही बालाजीला कुणी कडबा खाणारा म्हणत नाही. अटकेपासून तो आतच होता, त्यातच त्याची मुलगी जन्मली. महिन्यातून एकदा अप्पा रजा घ्यायचे, लातूरला जायचे, आणि त्या बाईला तान्ह्या पोरीसकट भेटीला घेऊन जायचे. या रजेचा पगार कापू नये असं साहेबांनी सांगितलं होतं. गंगाबाईंनी तो दर वेळी कापूनच घेतला.

माझी आर्टिकलशिप संपली, परीक्षा झाल्या, मी पुण्याला गेले. मग बँकांच्या चौकशीच्या कामात पडले आणि तिथंच राहिले. अप्पा डोळ्यांमुळं काम सोडून गावी परतल्याचं गफूरभाईंकडून कळलं होतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरला. एका बँकेच्या कामासाठी मी आले होते. बरोबर बँकेचे दोन अधिकारी आणि बँकेची गाडी. गंजगोलाईच्या बाजारात गर्दीमुळं गाडी थांबली, आणि एका पत्र्याच्या वस्तूंच्या दुकानासमोर मला गंगाबाई दिसल्या. एक चाळणी उन्हाकडं धरून तिची भोकं बघत होत्या. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अप्पा उभे होते, काळा चष्मा घातलेले, पार वाळलेले. मी उतरून गेले. आवाजावरून ओळखलं त्यांनी.

"गुरुजी कसे हायत?" पहिला प्रश्न हाच.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. मी सांगितलं. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि क्षणभर हातात धरून परत घातली. मग बालाजीचं सांगितलं. मुरुडला पिठाच्या गिरणीत आहे, मुलगी शाळेत हुशार आहे, बापाला पाढे विचारते. गंगाबाई म्हणाल्या, घरी चला, जेवून जा. मी म्हटलं, गाडी थांबलीय. तेवढ्यात अधिकाऱ्यांतला एक जण मला बोलवायला खाली उतरला, आणि धोतरातल्या या माणसाकडं जरा कोड्यात पडल्यासारखा बघत उभा राहिला.

"मॅडम, हे कोण?"

"माझे साहेब," मी म्हटलं. "मी यांच्याकडं काम शिकले."

त्या अधिकाऱ्यानं चटकन हात जोडले. अप्पांना ते दिसलं नसावं. ते आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "काय बी सांगतात ताई. मी फिरतीला बरोबर असायचो, एवढंच."

गाडी सुरू झाली तेव्हा मी वळून पाहिलं. दुकानदार अप्पांना काहीतरी विचारत होता, बहुधा ही बाई कोण म्हणून, आणि अप्पा हातवारे करून सांगत होते, असे हातवारे करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गंगाबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी पहिली चाळणी खाली ठेवली होती आणि दुसरी उचलून उन्हाकडं धरली होती.